रात्रीची थ्री फेज

नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातल्या गावांत आठवडी बाजाराचा वार जसा लहानथोरांना पाठ असतो, तशी या आठवड्यात थ्री फेज दिवसाची की रात्रीची, हीसुद्धा माहिती पाठ असते. पाहुण्यांकडे कधी जायचं, सालगड्याला सुट्टी कधी द्यायची, सोयरिकीची बोलणी कोणत्या दिवशी ठेवायची, हे सगळं त्यावर ठरतं. ‘लाईट रातची हाय’ एवढं म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. माणूस रात्री दहा-अकराला बॅटरी आणि काठी घेऊन आखाड्यावर जातो, स्टार्टर दाबतो आणि तांबडं फुटेपर्यंत हरभऱ्यात नाहीतर गव्हात दारं धरत राहतो.

महावितरणच्या शेतीपंपांच्या वेळापत्रकाचा साचा वर्षानुवर्षं असाच राहिला. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास, मग पाळी बदलायची. विजेची मागणी गर्दीच्या वेळेतून उचलून रिकाम्या वेळेत नेणं हे जगभर वीजधोरणातलं शहाणपणाचं काम मानलं जातं, आणि ते आहेही. महाराष्ट्राने ते सगळ्यात मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांकडून करून घेतलं. त्याची किंमत मात्र राज्याच्या वीजहिशेबात कधी दिसली नाही. मुखेडमध्ये ती दिसते.

आधी गर्दी म्हणजे काय ते पाहू. राज्यात या क्षणी किती वीज लागते आहे आणि किती तयार होते आहे, यावर ठाण्याजवळच्या कळवा इथलं राज्य भार प्रेषण केंद्र चोवीस तास डोळ्यात तेल घालून असतं. दोन्ही आकडे क्षणोक्षणी जुळावे लागतात. मागणी वाढली आणि निर्मिती मागे राहिली, की ग्रीडची वारंवारिता ५० हर्ट्‌झच्या खाली घसरू लागते, आणि फार घसरली तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी भाग तोडायला लागते. पूर्वी महाराष्ट्रात मागणीचा आलेख साधारण ठरलेला असे. पहाटे तीनच्या सुमारास तो तळाला जाई, सकाळी नऊनंतर एक चढण चढे आणि दिवेलागणीपासून रात्री दहापर्यंत दुसरी, जास्त उंच चढण. त्या चार तासांसाठी जी वीजकेंद्रं लागत ती उरलेले वीस तास अर्धवट बसून राहत, तरी त्यांचं भांडवल, व्याज आणि पगार चालूच राहत. म्हणून संध्याकाळी आठची एक युनिट पहाटे तीनच्या युनिटपेक्षा पुष्कळ महाग पडते. ग्राहकाच्या मीटरवर दोन्ही सारखीच दिसतात, हा भाग वेगळा.

ही चढण चढायला महाराष्ट्राला एक मोठा आधार आहे, कोयना. कोळशाचा संच थंड पडला तर पुन्हा पूर्ण जोमात यायला कित्येक तास घेतो; कोयनेची जनित्रं काही मिनिटांत फिरू लागतात. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातल्यामुळे ते पाणी जपून, संध्याकाळच्या तासांसाठी राखून वापरावं लागतं. आणि मागणीचं प्रमाण पाहा. राज्यात शेतीपंपांचे ग्राहक ४४ लाखांच्या वर आहेत. पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॅटची धरली आणि त्यांपैकी फक्त २० लाख मोटरी एकाच वेळी फिरल्या, तर सुमारे ७,५०० मेगावॅट लागतात. म्हणजे जवळपास चार कोयना. संध्याकाळच्या चढणीवर हा भार कुठल्याही राज्याला पेलणारा नाही. शेतीपंप त्या तासांतून बाहेर काढणं भाग होतं, यात शंका नाही.

प्रश्न कसं काढलं याचा आहे. गर्दीतून मागणी हलवायचे दोन मार्ग असतात. एक दराचा, दुसरा स्विचचा.

दराचा मार्ग महाराष्ट्रातल्या उद्योगांना या शतकाच्या सुरुवातीपासून ओळखीचा आहे. वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या आदेशांतून ‘टाइम ऑफ डे’, म्हणजे वेळेनुसार दर, रुळला. बराच काळ त्याचं स्वरूप असं होतं: सकाळी ९ ते १२ या वेळेत युनिटमागे ८० पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत दीड रुपया सूट. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांनी, सूतगिरण्यांनी आपल्या पाळ्या त्याप्रमाणे बसवल्या. त्याआधी वीज मंडळाच्या काळात औद्योगिक पट्ट्यांना साप्ताहिक सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिलेले होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टी ही त्याचीच खूण. २००६ मध्ये पुण्याने आणखी एक तोडगा काढला. गर्दीच्या वेळी कारखान्यांनी स्वतःची डिझेल जनित्रं चालवायची, त्यांच्या वाट्याची ग्रीडची वीज शहराला सोडायची आणि जादा खर्च मोठ्या ग्राहकांच्या बिलात वाटून घ्यायचा. शहर भारनियमनातून सुटलं. या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान होती: ज्याने आपली वेळ बदलली, त्याला काहीतरी मिळालं.

शेतकऱ्याच्या वाट्याला स्विच आला. शेतीपंपांना मीटर नसे, असला तरी चालत नसे, आणि बिल एचपीवर आकारलं जाई. मोटर दुपारी चालवा की मध्यरात्री, बिल तेवढंच. अशा ग्राहकाला दराची भाषा बोलता येत नाही म्हणून उपकेंद्रातूनच वेळ ठरू लागली. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत राज्यात हजारो मेगावॅटचा तुटवडा होता आणि गळती व वसुली पाहून वाहिन्यांचे गट पाडले गेले होते. मराठवाड्यातल्या पुष्कळ वाहिन्या खालच्या गटांत, म्हणजे लांबलचक भारनियमनात. त्या काळात उपकेंद्रातून ‘सिंगल फेज’ सुरू झाली. ठरावीक वेळी पुरवठा असा द्यायचा की घरातले दिवे-पंखे चालावेत, पण थ्री फेजची मोटर फिरू नये. शेतकऱ्यांनी त्यावर कंडेन्सर लावून मोटरी चालवायचा उपाय शोधला. मोटरी जळाल्या, रोहित्रं जळाली, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना चोर म्हटलं. पुढे गावठाण आणि शेती यांचे फीडरच, म्हणजे वाहिन्याच, वेगळे करायचं काम झालं. गुजरातने २००३ ते २००६ दरम्यान ‘ज्योतिग्राम’ योजनेत हेच केलं होतं. फीडर वेगळे झाल्यावर गावात संध्याकाळी उजेड टिकला, मुलांचा अभ्यास, दळणाची गिरणी, दूरदर्शनवरची मालिका सुरळीत झाली. हा लाभ खरा आहे, तो कमी लेखू नये. पण त्यामुळे शेतीचा फीडर हवा तेव्हा बंद आणि हवा तेव्हा चालू करायची मोकळीकही मिळाली. गावाची संध्याकाळ वाचली, आणि शेतीची मागणी रात्रीच्या तळाशी नेऊन ठेवली गेली.

याच काळातली ‘अक्षय प्रकाश योजना’ मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. गावाने एकत्र बसून ठरवायचं की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोटरी, गिरण्या, शेगड्या बंद ठेवू, फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवू. त्या बदल्यात महावितरणने त्या वेळी भारनियमन करायचं नाही. आकडे टाकणाऱ्याला गावच टोके, कारण एकाच्या मोटरीने सगळ्यांचा उजेड जाई. स्विच आणि दर यांच्या मधला हा तिसरा मार्ग होता: लोकांना कारण सांगायचं आणि शब्द द्यायचा. धोरण आखणारे नेहमी म्हणतात की ग्रामीण ग्राहक सहकार्य करत नाही. त्याला विचारलं तेव्हा त्याने केलं, हे नोंदवून ठेवायला हवं.

आता रात्रीच्या किमतीकडे वळू. मुखेड हा बालाघाटच्या रांगांतला, हलक्या आणि मध्यम जमिनीचा तालुका. मन्याड आणि लेंडी नद्यांच्या खोऱ्यांत काही ठिकाणी काळी जमीन, बाकी माळ. मोठ्या कालव्याचं पाणी थोड्यांच्या नशिबी. भिस्त विहिरीवर आणि बोअरवर. सोयाबीन, तूर, मूग-उडदानंतर रब्बीत हरभरा, ज्वारी, थोडा गहू, जिथे पाणी पुरतं तिथे ऊस आणि हळद. पाणी द्यायचं ते गुडघाभर पिकातून, बांधाच्या कडेने, अनवाणी किंवा चप्पल घालून. दिवसा जिथे पाय टाकताना माणूस बघतो, तिथे रात्री बॅटरीचा एक गोल झोत असतो आणि दुसऱ्या हातात खोरं.

घोणस, मण्यार आणि नाग हे रात्री फिरणारे किंवा तिन्हीसांजेनंतर भक्ष्य शोधणारे साप. ओलीत सुरू झालं की बिळांत पाणी शिरतं, उंदीर बाहेर पडतात, आणि त्यांच्यामागे साप. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि निम्मे तीस ते सत्तर या वयातले, म्हणजे कर्त्या माणसांचे. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांचं नाव सर्पदंशावरच्या उपचारांसाठी महाराष्ट्रभर घेतलं जातं. एका तालुक्याच्या गावातला डॉक्टर या एका विषयासाठी राज्यात ओळखला जावा, यातच या भागाची गरज किती मोठी होती ते कळतं.

प्रत्येक चावा रात्रीच्या थ्री फेजमुळे होतो असं मी म्हणत नाही. पावसाळ्यातले चावे पेरणी-खुरपणीतले असतात. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसाला घरात येऊन चावते. थंडीत सापांचा वावरही कमी होतो. पण माणसाला रात्री शेतात उभं करणं ही सापाच्या वेळेत त्याला नेऊन सोडण्याची गोष्ट आहे, आणि ती वेळ राज्याने ठरवलेली आहे. जुन्नरच्या पट्ट्यात हीच गोष्ट बिबट्याच्या नावाने बोलली जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं, त्यातली मुख्य मागणी दिवसा दहा तास विजेची होती.

आणि रात्रीचं ओलीत तरी किती नेटकं होतं? थंडीत उठायला नको म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ‘ऑटो’ लावला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उचल घेतात, व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते, तापते, आणि ऐन रब्बीत डीपी जळतो. मग नवा मिळेपर्यंत पीक वाळतं. पाणी बांध फोडून वाहतं, विहीर तळाला जाते, माल मात्र तेवढाच येतो. गर्दी टाळण्यासाठी नेमलेल्या तासांत फीडरच्या पातळीवर एक नवीन गर्दी तयार झाली. राज्याच्या आलेखावर ती दिसत नाही, कारण तिथे ती पहाटेच्या तळात बुजून जाते.

रात्री दारं धरायला जाणारा बहुतेक वेळा मालक नसतो. सालगडी असतो, वाटेकरी असतो, नाहीतर घरातला धाकटा मुलगा. कारखान्यात रात्रपाळीचा भत्ता असतो. कारखान्याला रात्रीच्या युनिटवर सूट मिळाली, त्यातला काही भाग तरी कामगारापर्यंत पोचायची वाट असते. शेतात रात्रीचे तास धरणाऱ्याला ना युनिटची सूट, ना भत्ता.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं: वीज फुकट मिळते, मग वेळेची तक्रार कशाला? २०२४ पासून ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ आहे, ४४ लाख शेतकरी तिच्यात येतात. पण रात्रीचं वेळापत्रक त्याच्या कितीतरी आधीचं आहे. बिल येत होतं तेव्हाही लाईट रात्रीचीच होती. आणि रात्र माणसाला नको असते तेव्हा ती अनुदानाची परतफेड म्हणून मागता येत नाही. अनुदान देणाऱ्या सरकारने हवं तर एचपी मोजावेत, युनिट मोजावेत. झोप मोजून घेणं हा व्यवहार होऊ शकत नाही.

गंमत अशी की ज्या गणिताने शेतकऱ्याला रात्रीत ढकललं, तेच गणित आता उलटलं आहे, आणि तेही सूर्यामुळे. राज्यात सौर प्रकल्प वाढले तशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ही वेळ स्वस्त होऊ लागली. पहाटेचा तळ आता एकटा तळ राहिला नाही. दुपारीही विजेची रेलचेल असते आणि सूर्य कलला की ती झपाट्याने ओसरते. जगभर हेच चाललं आहे. फ्रान्समध्ये अणुवीज रात्री उरायची म्हणून कित्येक दशकं घरातले पाणी तापवायचे बंब रात्रीच्या स्वस्त तासांवर चालत. नोव्हेंबर २०२५ पासून त्या स्वस्त तासांचा काही भाग दुपारी सरकवायला तिथे सुरुवात झाली. आपल्याकडे केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून सौर तासांतला दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी असावा असं ठरवलं, मात्र शेतीला या दररचनेतून वगळलं. शेतीसाठी वाट वेगळी निघाली, आणि ती महाराष्ट्राने काढली.

पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेचे अभ्यासक शेतीच्या फीडरलाच सौर प्रकल्प जोडा, असं आग्रहाने मांडत होते. विचार साधा आहे. उपकेंद्राजवळ दोन ते दहा मेगावॅटचा प्रकल्प, त्याची वीज तिथल्याच शेतीफीडरवर, तारेची लांबी कमी म्हणून गळती कमी, युनिटचा भाव तीन रुपयांच्या आसपास. शेतकऱ्याने काहीही विकत घ्यायचं नाही, जुनीच मोटर, जुनाच स्टार्टर, फक्त लाईट दिवसा. जून २०१७ मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची पहिली ठिकाणं. पहिली काही वर्षं ती रेंगाळली. २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख अशा तरतुदी झाल्या. उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॅटपर्यंत नेलं गेलं. मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, या दुसऱ्या आवृत्तीचा तीन मेगावॅटचा पहिला प्रकल्प उभा राहिला. एक मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते आणि आपल्या उन्हात वर्षाला १६ लाखांच्या आसपास युनिट मिळतात.

वैयक्तिक सौर पंपांची योजनाही जोरात आहे, आणि जिथे तार पोचलीच नाही तिथे ती उत्तमच. पण जिथे फीडर आहे तिथे मी फीडरच्या बाजूने मत देईन. शेतातला सौर पंप पावसाळ्यात आणि पीक नसताना रिकामा बसतो, त्या तासांची वीज वाया जाते. फीडरवरच्या प्रकल्पाची वीज शेताला नको असेल तेव्हा तालुक्याच्या गावात, दाल मिलमध्ये, दवाखान्यात वापरली जाते.

मात्र जमीन कुणाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. उपकेंद्राजवळची सरकारी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. मराठवाड्यात गायरानं नुसती गुरांची नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून कित्येक दलित आणि भटक्या कुटुंबांनी ती कसली आहेत, कागद हातात नसताना पोट त्यावर भरलं आहे. कागदावर मोकळी दिसणारी जमीन पॅनेलसाठी दिली आणि त्यावरचं कुटुंब उठवलं, तर ओलीत करणाऱ्याची रात्र सुटेल आणि भूमिहीनाची भाकरी जाईल. हे टाळता येतं. खासगी पडीक माळ भाड्याने घ्यायची तरतूद योजनेत आहेच, आणि मुखेडच्या बरड माळांवर हेक्टरी सव्वा लाख कोणतंही कोरडवाहू पीक देत नाही.

घरातल्या विजेलाही आता वेळ चिकटली आहे. जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे एक रुपयापर्यंत सूट देण्याची रचना महावितरणने आणली. मुखेडसारख्या गावात तिचा उपयोग कुणाला? बोअरची मोटर दुपारी लावून टाकी भरणं, कपडे धुण्याचं यंत्र, शिलाई मशीन हे घरी असलेल्या बाईला जमेल. रोजंदारीने खुरपायला जाणारी बाई संध्याकाळी सहाला परतते. तिचं सगळं काम महाग तासांत. हे मुंबईतल्या नोकरदार बाईलाही लागू आहे. सूट देताना निदान एवढं जाणून असावं की वेळ बदलण्याची सोय हीच मुळात सगळ्यांकडे सारखी नसते.

संध्याकाळ मात्र अजून सुटलेली नाही. सूर्य मावळतो तेव्हाच दिवे लागतात. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे: वीज स्वस्त असताना खालचं पाणी वर चढवायचं, महाग असताना खाली सोडायचं. असे आणखी प्रकल्प आणि मोठ्या बॅटऱ्या लागतील, आणि कोयनेचं पाणी आताइतकंच जपावं लागेल. पण शेतीपंपांचा या संध्याकाळशी संबंध संपवता येईल, हे पहिल्यांदाच शक्य झालं आहे, आणि ते माणसाला रात्री न उठवता.

मग आधी कोणते फीडर घ्यायचे? आज क्रम बराचसा जमीन कुठे मिळाली आणि कंत्राटदार कुठे पोचला यावर ठरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा अधिसूचित आजार करायला सांगितलं, म्हणजे प्रत्येक दवाखान्याने तो कळवायचा. चावा किती वाजता झाला आणि कुठे, हे उपचारासाठी डॉक्टर तसंही विचारतोच. महावितरणकडे प्रत्येक शेतीफीडरचं गेल्या कित्येक वर्षांचं वेळापत्रक आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांपुरते का होईना, हे दोन कागद एका टेबलावर ठेवले, तर मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब, जळकोट, उदगीर या बाजूंच्या कोणत्या गावांत रात्रीच्या पाळीत माणसं जास्त दगावतात ते गावागणिक दिसेल. दिवसाची लाईट त्या फीडरना आधी द्यावी, बाकीच्यांना त्यानंतर.